पालथी घातलेली कौलं

कौल फोडायला ताकद लागत नाही. हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण ते पोटात ठेवून ठेवून आता मला त्याची किळस आली आहे. कराटेच्या डेमोत तुमची दहा वर्षांची मुलगी एका ठोशात तीन मंगलोरी कौलं फोडते. तुम्ही मोबाइल धरून उभे असता, तुमचा ऊर भरून येतो आणि पाच मिनिटांत ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर जाते. त्या कौलांच्या खालच्या अंगाला आठवडाभर आधी करवतीच्या पात्याने रेघ मारलेली असते. रेघेत माती भरतात, वरून गेरूचं बोट फिरवतात आणि कौलं गच्चीवर उन्हात टाकतात. मला हे माहीत आहे, कारण आमच्या क्लासातल्या रेघा मी मारायचे.

मी भाईंदर पश्चिमेला राहते आणि अंधेरीला नोकरी करते. तिशी उलटल्यावर पाठ धरली, डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, म्हणून घरामागच्या शाळेच्या गच्चीवर कराटेचा क्लास चालायचा तिथे नाव घातलं. पांढरा ड्रेस घालून आठ-आठ वर्षांच्या पोरांच्या मागे शेवटच्या रांगेत उभी राहिले. पोरं फिदीफिदी हसली. सर हसले नाहीत, एवढं श्रेय मी त्यांना आजही देते. मी टिकले. पट्टे बदलत गेले, काळा झाला, आणि मग मी सीनियर झाले. म्हणजे पोरांना रांगेत उभं करायचं, मोजायचं, दमवायचं. ऑफिसात सतरा वर्षं मला "जरा ती फाइल बघा ना" याच्या पलीकडे कुणी हाक मारली नव्हती. इथे चाळीस पोरं एका दमात "ओस, मॅडम!" म्हणायची. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली होती.

हे "ओस" म्हणजे आमच्यातला नमस्कार. पण ते हो, समजलं, चुकलं, थँक्यू, सगळ्यालाच चालायचं. सर म्हणाले पन्नास दंड काढा, ओस. सर म्हणाले गुडघा दुखतो ते नाटक आहे, ओस. नाही म्हणायची सोय नव्हती. थांबायलाही शब्द होता, "यामे". पण तो फक्त शिकवणाऱ्याने उच्चारायचा.

इन्स्ट्रक्टर व्हायची आमच्याकडची रीत अशी होती. सीनियर म्हणून पाच-सहा वर्षं घासायची. मग आपल्या हाताखालच्या दहा मुलांना तयार करून भर लोकांत डेमो द्यायचा. दहाच्या दहा मुलांची कौलं फुटली, की सर त्याच स्टेजवर सर्टिफिकेट देणार आणि स्वतःची शाखा काढायची परवानगी. लेखी काही नाही, तोंडी काही नाही. मुलाला चक्कर आली तर काय करायचं, हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचाच नाही. सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात गुप्त धडा कोणता, तर कौल कापायचा. गच्चीचं दार लावून सरांनी मला तो शिकवला. कौल वरून दाबलं की ते खालच्या अंगाने फाकतं, म्हणून रेघ खालच्या अंगाला हवी. वर गेली तर तिचा काडीचा उपयोग नाही. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं.

पूर्वी निदान कौलं तरी जुनी असायची. पेणकरपाड्यात, उत्तनच्या बाजूला बैठी घरं पाडत होते तेव्हा टेम्पो भरून मिळायची, ऊनपाऊस खाल्लेली, हाताने दाबली तरी मोडतील अशी. माझ्या डेमोच्या वर्षी पाडायला घरं उरली नव्हती. सरांनी नवी कोरी कौलं मागवली. बोटाने टिचकी मारली की टणटण वाजायची. मी म्हटलं, "सर, ही कडक आहेत." सर म्हणाले, "मॅडम, रेघ थोडी खोल मारा. टेन्शन नको." मी म्हटलं, ओस.

माझ्या दहांत एक अकरा वर्षांची मुलगी होती. उत्तनहून बसने यायची. आई एका हॉस्पिटलात आयाचं काम करायची, ड्यूटीला जाताना तिला सोडायची आणि सुटल्यावर घेऊन जायची. मुलगी फारसं बोलायची नाही. पण तिचा ठोसा बघावा. खांदा सैल, मनगट सरळ, मुठीच्या पहिल्या दोन उंचवट्यांवर नेमका. एवढा स्वच्छ ठोसा माझाही नव्हता. तिची आई एकदा मला म्हणाली होती, "टीचर, पोरगी एकटी बसनं येल-जाईल मोठी झाली का. तिला कुनाला भ्यायला नको, बस." मी मान डोलावली. आम्ही सगळ्यांच्याच आयांना तेच सांगायचो, तुमची मुलगी आता कुणाला भिणार नाही.

डेमो संध्याकाळी होता, मैदानात चार फूट उंच स्टेज, प्रमुख पाहुणे म्हणून एक पुढारी, मागे सरांचा भलामोठा फ्लेक्स. आधी ट्यूबलाइटी फोडून झाल्या, एकाच्या पोटावरून मोटारसायकल नेऊन झाली. मग माझी मुलं. पहिल्या चौघांची कौलं फटाफट फुटली. मी मनात आकडा मोजत होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका वडिलांनी आवाज दिला, "सर, ये नीचे लाइन कैसी है?" स्टेज उंच, माणसं खाली बसलेली आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. खालून झूम केलं की कौलाचं पोट दिसत होतं, आणि पोटावर माझी रेघ. सर हसले, "डिझाइन है, भाईसाब." मग माइक बाजूला धरून माझ्या कानाशी आले. "पुढची पालथी घाला. रेघ वर. माती भरलेली आहे, खालून कुणाला काही दिसणार नाही."

मी म्हटलं, "सर, रेघ वर गेली तर..."

"मॅडम. लोक बघतायत. ओस बोला."

तिथे मी काय करायला हवं होतं हे कुणालाही कळेल. माझ्या हातात कौल होतं. ते फुटणार नाही हे स्टेजवर दोघांना माहीत होतं, एक सर आणि एक मी. पुढची मुलगी समोर येऊन वाकून उभी होती, उत्तनची. आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की चार झाले, सहा राहिले. मी ओस म्हटलं आणि कौलं पालथी घातली.

तिने मारलं. ठप्प असा आवाज आला. कौल जागचं हललं नाही. "परत!" सर माइकवर ओरडले. "टायगर आहे आपली! टाळ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती सरांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी हातभर अंतरावर बसून कौलांखालचे सिमेंटचे ठोकळे धरले होते. गप्पा मारणाऱ्या पोरांवर मी रोज पन्नास वेळा "यामे" ओरडायचे. त्या संध्याकाळी माझी दातखीळ बसली. तिने दुसऱ्यांदा मारलं. या वेळचा आवाज वेगळा होता, मला तो कळला. मी तरी ठोकळे धरूनच होते. तिने तिसऱ्यांदा मारलं तेव्हा वरच्या कौलाला एक तडा गेला. सरांनी हसत हसत त्यावर टाच दिली, कौलं कोसळली आणि मैदान दणाणलं. ती वाकली, ओस म्हणाली आणि डाव्या हाताने उजवा हात धरून खाली उतरली.

स्टेजमागे मी तिला खुर्चीवर बसवलं. करंगळीच्या मागचा भाग टम्म सुजला होता. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "सॉरी, मॅडम."

याच्यापुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. कुणाच्या तरी थंड पाण्याच्या बाटलीवर तिचा हात ठेवून मी परत स्टेजवर गेले आणि उरलेल्या पाच मुलांची कौलं सुलटी केली. मला कुणी सांगितलं नव्हतं. रेघ खालून पुन्हा दिसत असणार, पण टाळ्यांच्या नादात कुणी विचारलं नाही. पाचही जणांची फुटली. पुढाऱ्याच्या हस्ते मला सर्टिफिकेट मिळालं, हार मिळाला, फोटो निघाला. त्या फोटोत मी हसते आहे. तो फोटो बघितला की आजही मला त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आई ड्यूटीच्या साडीतच धावत आली. तिने पोरीचा हात असा काही धरला की सरांच्याही लक्षात आलं, ही बाई हात ओळखते. "मोडलाय," ती म्हणाली. "कसा काय मोडला?" सर पटकन बोलले, "ताई, होता है. मनगट वाकडं पडलं. टेक्निक चुकली." तिने सरांकडे बघितलंच नाही. तिने मला विचारलं. "टीचर, तिचाच हात चुकला काय?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो. थोडा चुकला."

त्यानंतर ती क्लासला आली नाही. मी सरांकडे विषय काढला तर म्हणाले, "बच्चा लोकांची हाडं रबराची असतात. जुडेल. तुम्ही शाखा काढा." आणि मी काढली! निर्लज्जासारखी जेसल पार्कात एका सोसायटीच्या हॉलमध्ये शाखा काढली, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर टांगलं. दुसऱ्याच आठवड्यात एका मुलीच्या नाकातून रक्त आलं. मी तिचं डोकं मागे धरलं. तिची आई दारातून ओरडत आली, "अहो, पुढे वाकवा तिला! रक्त घशात जाईल!" सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षं! आठ वर्षांत त्या माणसाने मला कौल कुठून कापायचं हे शिकवलं, आणि नाकातून रक्त आलं तर डोकं पुढे की मागे, हे नाही. आणि मीही कधी विचारलं नाही. त्या महिन्यात मी शाखा बंद केली.

मग मी मीरा रोडला एका संस्थेचा प्रशिक्षकांसाठीचा कोर्स लावला, आठ रविवारांचा. शिकवायला एक बाई होत्या, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्या, साठीच्या, कमरेला शिट्टी. पहिल्या रविवारी त्यांनी रबरी बाहुल्याच्या छातीवर दाब द्यायला लावला. दुसऱ्या रविवारी वाढत्या वयाच्या हाडांबद्दल सांगितलं, की टोकं अजून मऊ असतात आणि कडक वस्तूवर मारायला लावू नका. डोक्याला मार बसला तर त्या दिवशी ते मूल पुन्हा खेळणार नाही, मग त्याचे वडील कितीही ओरडोत. मुलाला बंद खोलीत एकट्याने शिकवायचं नाही. ऐकता ऐकता मला इतका राग येत होता की वहीवर पेन रुतायचं. यातलं अवघड काहीच नव्हतं. चार रविवारांत मावेल एवढं होतं. आणि अख्ख्या मीरा-भाईंदरात गल्लोगल्ली, गच्चीगच्चीवर माझ्यासारखे ब्लॅक बेल्टवाले यातलं अक्षर माहीत नसताना पोरांवर ओरडत होते. पालक विचारतात ते पट्टा कधी मिळेल आणि मेडल कधी मिळेल. तुम्हाला प्रथमोपचार येतात का, असं मला आजवर एकाही बापाने विचारलेलं नाही. आज मी पुन्हा शिकवते, आणि माझ्या क्लासात कौल नाही म्हणून काही जण नाक मुरडून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

परीक्षा म्हणजे वीस मिनिटं वर्ग घेऊन दाखवायचा. मी तर खूश होते, वर्ग घेणं माझ्या डाव्या हातचा मळ. मी मोजत होते, मुलं लाथा मारत होती. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी लंगडायला लागली. मी बघितलं. मोजत राहिले. तिने गुडघा धरला. मी आवाज चढवला आणि दहापर्यंत मोजलं.

बाईंनी शिट्टी वाजवली. "तुम्ही तिला बघितलंत?"

"बघितलं."

"मग?"

"सेट संपतच आला होता."

ती मुलगी सरळ चालत जाग्यावर गेली. तिला बाईंनीच लंगडायला सांगितलं होतं. त्यांनी माझ्या कागदावर नापास लिहिलं. "कौशल्यात काही खोट नाही हो," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला थांबवता येत नाही. ज्याला थांबवता येत नाही त्याच्या हातात मी मूल देणार नाही."

मी भयंकर चिडले. ब्लॅक बेल्ट मी, आणि ही शिट्टीवाली म्हातारी मला नापास करते! रिक्षात बसून मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. घरी आले, ताटावर बसले आणि तशीच उठले. ती मुलगी लंगडत होती आणि मला दिसत होतं, एवढंच परत परत डोक्यात येत होतं. राग बाईंवरून हळूहळू सरकत माझ्यावर आला तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्यांदा परीक्षेला बसायचं तर नवा फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता. तुमच्या शिकवण्यात कुणाला दुखापत झाली आहे का? झाली असल्यास कशी, आणि पालकांना काय सांगितलं? पहिल्या वेळी मी तिथे "लागू नाही" लिहिलं होतं, बिनदिक्कत. या वेळी मी लिहिलं, दुखापत झाली. कशी झाली तेही लिहिलं, रेघ, माती, सर, सगळं. "पालकांना काय सांगितलं" इथे पेन अडलं. खोटं सांगितलं, असं त्या रकान्यात लिहून बाईंच्या हातात द्यायचं? द्यायला हरकत नव्हती. पण ते आधी जिला सांगायला हवं ती उत्तनला होती.

रविवारी दुपारी मी उत्तनची बस धरली. डेमोला आठ महिने होऊन गेले होते. घर विचारत विचारत गेले. आई ओट्यावर भाजी निवडत होती. "टीचर? तुमी इकडं कशा?" तिने आत बोलावलं, पाणी दिलं. मुलगी आतून आली, मला बघून ताठ उभी राहिली आणि वाकली. "ओस, मॅडम."

मी तिला म्हटलं, मूठ दाखव. तिने आवळून दाखवली. हाड जुळलं होतं, पण करंगळीच्या जागचा उंचवटा आत बसला होता. चारच्या जागी तीन दिसत होते.

मी सगळं सांगितलं. बसल्या बसल्या, एका दमात, रेघ कशी मारतात तिथपासून. कौल पालथं घातलं ते मी घातलं. फुटणार नाही हे मला माहीत होतं. तुझा हात चुकला असं मी म्हटलं ते खोटं होतं.

आईने मुलीची मूठ आपल्या हातात घेतली. मग म्हणाली, "मी हास्पिटलात काम करते, टीचर. मोडलेला हात मला लगेच कलला. तुमी खोटा बोलता ते न्हाय कलला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी म्हणाली, "म्हणजे माझा पंच बरोबर होता?"

"बरोबर होता."

"पहिलाच?"

"तिन्ही बरोबर होते."

तिने दाराकडे बघितलं. दारामागे भिंतीला सुतळीने एक उशी बांधलेली होती. मधोमध कापड विरून आतला कापूस बाहेर आला होता. "रोज मारते," आई म्हणाली. "प्लास्टर सुटला तवापासून. शालेतून आली का मारते. कुठं चुकला ते बघते." आणि मग ती पदर तोंडाला लावून आत गेली.

आम्ही दोघीच राहिलो. मुलीच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. मी तिला कधी चिडलेली बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही यामे का नाही बोललात?"

"मला सर्टिफिकेट हवं होतं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. क्लासात तीन वर्षं मी तिला जे जे सांगितलं त्याला ती ओस म्हणाली होती. आता म्हणाली नाही.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

मी चप्पल घालून खाली उतरले. मागे वळून बघितलं तर ती भिंतीपाशी उभी राहून सुतळीची गाठ सोडत होती. करंगळी नीट वळत नव्हती, म्हणून दातांनी सोडत होती.